लिंबाच्या सावलीतलं टेबल

आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून घेतलं जायचं. त्यात अल्कोहोल निघालं तर अप्पा, म्हणजे माझे वडील, ती बाटली दुकानात परत पाठवायचे आणि अव्वाला, म्हणजे आईला, आल्याचा काढा ठेवायला सांगायचे. अशा माणसाच्या मुलाला एकसष्टाव्या वर्षी वाइन चाखायच्या सहलीचा आराखडा करायचं काम मिळालं. काम दिलं माझ्या मुलीनं. ती लग्न करून बंगळुरूला गेली, जावई तिकडचाच. नवीन वर्षात दोघं आठ दिवस सोलापूरला येणार होते, आणि या वेळी देऊळ नको, किल्ला नको, द्राक्षाच्या मळ्यात जाऊन वाइन कशी करतात ते बघायचं आणि चाखायची, असं तिनं फोनवर जाहीर केलं.

"प्लॅन तुम्हीच करा बाबा. सहली काढण्यात तुमचा हात धरणारा कोण आहे?" असंही वर म्हणाली. मी विरघळलो. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि तीस वर्षं शाळेच्या सहली काढल्या. कुठल्या धाब्यावर पाणी बरं आहे, कुठल्या घाटात पोरं ओकतात, हे माझ्या वहीत अजून लिहिलेलं आहे. कुणी प्लॅन करायला सांगितलं की मला नाही म्हणता येत नाही.

म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नाशिकचा आराखडा काढला. वेळ, ठिकाण, काय बघायचं, कुठं विश्रांती. रस्त्याचा नकाशाही काढला, उत्तर दिशेच्या बाणासकट. बायकोनं तो लांबूनच बघितला आणि म्हणाली, "पिणार चार घोट आणि प्लॅन चार पानं." तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं की ती वाइनला शिवणार नाही, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन येईल आणि आम्हाला बघत बसेल.

अव्वा पंच्याऐंशीची आहे. डोळ्यांनी अधू, गुडघ्यांनी गेलेली, पण कान असे तिखट की स्वयंपाकघरात कुजबुजलेलं तिला पडवीत ऐकू येतं. तिनं कॉटवरून विचारलं, "द्राक्षाचा मळा बगाया चाल्लाय न्हवं? मग मलाबी न्या."

"अव्वा, तिथं दारू करतात."

"करू देत की. मी काय पिनार हाय व्हय? बसते एका जागी."

तिला गाडीत बसवून नाशिकला न्यायचं म्हणजे वाटेतच तिचे गुडघे बोलायला लागले असते. मी तसं मुलीला कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला: बाबा, प्रश्नच मिटला, आपल्याजवळच एक नवीन जागा सापडलीय, वळसंगच्या पुढं, तासाभरात पोचू, अज्जीलाही घेऊन जाऊ. खाली एक फोटो होता.

फोटो हिवाळ्यातला, भर दुपारचा. तारांवर चढवलेल्या वेलींच्या सरळ ओळी, त्यांच्या मधोमध एक मोकळी जागा, तिथं दगडी टेबल आणि चार लोखंडी खुर्च्या. टेबलावर चार ग्लास. छान फोटो होता. मी तो बोटांनी मोठा करून बघायला लागलो, आणि डाव्या कोपऱ्यात विहीर दिसली. विहिरीवरचे दोन खांब दिसले. एक दगडी होता. दुसरा विटांचा, थोडा विहिरीकडं कललेला.

तो विटांचा खांब अप्पांनी स्वतः रचला होता. मूळचा दगडी खांब तुटला तेव्हा गवंड्याची वाट न बघता त्यांनी दोन दिवसांत रचला, आणि तो वाकडा झाल्यावर आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. जगात तसा खांब दुसरा नसणार. मी फोन पालथा ठेवला. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, नेट गेलं."

इथं मागचं थोडं सांगायला हवं. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही आडवं नाही, बसवून. खड्डा खणायचा, त्याच्या एका भिंतीत कोनाडा करायचा, आणि माणसाला मांडी घालून त्या कोनाड्यात बसवायचं, डाव्या हातात त्याचं रोजच्या पूजेतलं, गळ्यातलं इष्टलिंग द्यायचं. जसा जन्मभर पूजेला बसला तसाच. खड्ड्याचं माप मात्र फुटांत किंवा मीटरमध्ये घेत नाहीत. जो गेला त्याच्याच पावलाचं माप सुतळीवर घेतात आणि त्या सुतळीनं खड्डा मोजतात. माणूस गेल्यावरही आपल्याच पावलांनी आपली जागा मोजतो, असं त्याच्यामागं काहीतरी असावं.

अप्पा गेले त्याला सव्वीस वर्षं झाली. पौष महिना होता. जंगमस्वामींनी, म्हणजे आमच्यातल्या पुरोहितांनी, त्यांच्या पावलाचं माप घेतलं आणि आमच्याच शेतात खड्डा घेतला. मुलगा म्हणून मी आत उतरलो. बिल्वपत्रं टाकली, भस्माचे गोळे ठेवले, आणि मग मीठ. दोन पोती मीठ मी माझ्या हातांनी त्यांच्या भोवती ओतलं, मांडीपासून छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत. वर आलो तेव्हा बरोबर बारा वाजले होते. शेताच्या दक्षिणेच्या बांधावर कडुलिंबाचं जुनं झाड होतं, त्याच्या सावलीचा शेंडा खड्ड्याच्या कडेला टेकला होता. मी भूगोलाचा मास्तर, माझ्या डोक्यात अशाच गोष्टी राहतात. माती लोटली आणि वर खुणेचा दगड ठेवला.

वैशाखात नांगरट करायची होती. ट्रॅक्टरवाल्याला दगडाची अडचण व्हायला लागली, म्हणून मीच त्याला सांगितलं की दगड बांधावर ठेव, नांगरून झालं की परत लावू. एका दिवसाचा तर प्रश्न. नांगरट झाली आणि सगळं शेत एकसारखं काळं झालं. ढेकळांखेरीज काही दिसेना. पण मला खूण पाठ होती. दुसऱ्या दिवशी मी बाराच्या ठोक्याला शेतात उभा राहिलो, लिंबाची सावली बघितली, सावलीच्या कडेला दगड लावला, आणि गवंडी बोलावून तिथं चुन्याचा पक्का कट्टा बांधून घेतला. विटा मी स्वतः उचलून दिल्या. ऊन इतकं होतं की गवंडी मला सारखा सावलीत बसा म्हणत होता, आणि मी ऐकत नव्हतो.

मे महिन्याच्या मध्याला सोलापूरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी उभ्या काठीला सावलीच नसते. ही गोष्ट मी दरवर्षी पोरांना शाळेच्या मैदानात काठी रोवून दाखवायचो. पौषात तीच सावली उत्तरेला लांब पसरते. हे सगळं शिकवणारा मी, आणि वैशाखातल्या सावलीवरून पौषातली जागा शोधली.

मला ते पुढच्या पौषात कळलं, पहिल्या पुण्यतिथीला. कट्टा बुंध्याजवळ उन्हात पांढरा दिसत होता, अव्वा त्याच्यावर फुलं ठेवत होती, आणि लिंबाची सावली कट्टा ओलांडून पुढं, उघड्या रानात जाऊन पडली होती. तिचा शेंडा जिथं टेकला होता तिथं हरभरा होता. मी तिथं बघत राहिलो. मी बाप हरवला होता, तेही स्वतःच्या शेतात, भर दुपारी.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. लाज वाटली, दुसरं काही नाही. आठ महिने लोक मला म्हणत होते, मास्तरांनी बापाची समाधी काय सुरेख बांधली. पुढं शेत कसायला घरात कुणी राहिलं नाही, तेव्हा ते विकलं. अव्वाची एकच अट होती: कट्टा आणि त्याच्या शेजारची एका माणसाची जागा आपल्याकडं ठेवायची. ती जागा तिची. तिला अप्पांच्या शेजारी बसायचं आहे. मी तसं खरेदीखतात लिहून घेतलं, जायच्या-यायच्या वाटेसकट. रिकाम्या कट्ट्याशेजारची जागा मी आईसाठी राखून ठेवली.

जोवर तिचे गुडघे चालत होते तोवर आम्ही दरवर्षी जायचो. कट्ट्यावर फूल, भस्म, नारळ. मग अव्वा एकटीच विहिरीकडं जायची, पाणी प्यायला म्हणून. बांधावरची वाट सोडून रानातून आडवी, आणि दरवर्षी मध्येच कुठंतरी थांबायची, चप्पल काढून पायातला काटा झटकायची. मी लांबून हसायचो. "अव्वा, दर वर्षी काटा बरा सापडतो तुला," म्हणायचो. ती म्हणायची, "रान हाय, काटं आसनारच की." तिचे गुडघे गेले आणि जाणं सुटलं. मी एकटा जाऊ शकत होतो. गेलो नाही. आठ वर्षांपूर्वी एकदा रस्त्यावरून जाताना शेतात खांब आणि तारा लावलेल्या दिसल्या. बेदाण्याची द्राक्षं करत असतील म्हणून पुढं गेलो.

आता तो फोटो. मी तो पुन्हा उघडला आणि या वेळी विहिरीकडं न बघता जमिनीकडं बघितलं. वेलींच्या ओळींवरून एक मोठी सावली आली होती, झाडाची. झाड फोटोत नव्हतं, नुसती सावली. तिचा शेंडा टेबलावर पडला होता, चार ग्लासांच्या मधोमध.

दोन दिवसांनी धीर करून मी तिथं फोन लावला. एका मुलीनं उचलला, आवाज गोड होता. मी म्हणालो, चौघा-पाचांची सहल आणायची आहे, माहिती हवी. तिनं सगळं पाठ म्हणून दाखवलं: बाग फिरणं, पिंपं ठेवलेली खोली, मग पाच वाइन, बरोबर चीज.

"सर, तुम्ही सात नंबरच्या ओळीतलं टेबल घ्या ना. सगळे तेच मागतात. एप्रिलमध्येसुद्धा तिथं गार वाटतं."

"ओळीच्या मधेच टेबल कसं काय ठेवलंत?"

"तिथं वेल लागतच नाही, सर. तीनदा रोपं लावली. फुटतात छान, पण मग पानं कडेनं करपत जातात आणि वाळतात. तेवढ्याच जागेत. माती तपासली तर म्हणे तिथं खार आहे खूप. बाकी रानात कुठंच नाही. मग आमच्या सरांनी म्हटलं, टेबल टाकू."

ती दोनदा हॅलो हॅलो म्हणाली. दोन पोती. मांडीपासून खांद्यापर्यंत. मी फोन ठेवला तेव्हा माझे तळवे कोरडे पडले होते, मीठ चोळल्यासारखे.

मग मी सहल मोडायच्या मागं लागलो. मुलीला सांगितलं की जागा बरी नाही, नाशिकच करू. ती म्हणाली, नाशिकला अज्जी कशी येईल? मी म्हणालो, अज्जीला ठेवू शेजाऱ्यांकडं. त्यावर ती इतकी चिडली की मला गप्प बसावं लागलं. टेबल तिनं परस्पर सांगून ठेवलं होतं, येत्या रविवारचं, दुपारी बाराचं. अव्वाला मी फक्त एवढंच बोललो होतो की मळा जवळचा आहे. गावाचं नाव नाही, रस्त्याचं नाव नाही. त्या दिवशी दुपारी मी तिच्या डोळ्यांत थेंब घालत होतो, तेव्हा डोळे मिटूनच ती म्हणाली, "विहिरीला पानी हाय का अजून?"

"कुठल्या विहिरीला?"

"हाय का न्हाय तेवडं सांग."

मुलीनं तिला सांगितलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी मुलीला विचारलं. ती म्हणाली, विहिरीचं काय? मी तर अज्जीशी आठवड्यात बोललेच नाही.

शाळेत असताना माझा एक नियम होता. सहलीआधी मास्तरानं एकटं जाऊन जागा बघून यायची. गुरुवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि बायकोला पेन्शनच्या ऑफिसात जातो म्हणून सांगितलं. वळसंग मागं पडलं, आणि पुढं ओळखीचं रान आलं, पण अनोळखी झालेलं. गेटवर पाटी, आत फरशी, कुंड्या. कट्टा मात्र होता. बांधालगत, लिंबाखाली, नुकताच चुना दिलेला, त्याच्यावर ताजं झेंडूचं फूल. त्या लोकांनी करारातला शब्द पाळला होता. परक्यांनी आठ वर्षं त्या रिकाम्या कट्ट्यावर फुलं वाहिली होती, आणि मला त्यांच्यासमोर मान वर करवेना.

फोनवरची मुलगी मला बागेतून घेऊन गेली. सातव्या ओळीत शिरलो आणि वाऱ्याचा आवाज थांबला. दोन्हीकडं वेलींची दाट पानं होती, म्हणून असेल. टेबल काळ्या दगडाचं. एक म्हातारा माळी खुर्च्या पुसत होता. तीन पुसल्या आणि चौथीला फडकं न लावता बाजूला झाला. बारा वाजायला आले होते. लिंबाची सावली ओळींवरून सरकत आली होती, आणि तिचा शेंडा त्या चौथ्या खुर्चीच्या पायाशी होता.

मुलगी ग्लास आणायला गेली तेव्हा मी माळ्याला विचारलं, "ही का नाही पुसली?"

त्यानं फडकं झटकलं. मग म्हणाला, "त्या खुर्चीवर आमी कुनी बसत न्हाय साहेब. पावने बसतेत, त्येंना काय होत न्हाय. पर लई येळ बसतेत."

"म्हणजे?"

"बसलं की उठू वाटत न्हाय. मी एकदा भाकरी खायाला बसलो. चांगलं वाटलं, लई चांगलं. कुनीतरी सोबतीला हाय आसं. दिस कवा कलला कळलं न्हाय. कारभारी हाका मारत हुता, मला ऐकू आलं न्हाय." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "वंगाळ न्हाय तितं काय. पर आपली कामं आसत्यात की."

मुलगी आली. ग्लासात तळाला बोटभर लाल वाइन होती. तिनं ग्लास कसा फिरवायचा ते दाखवलं आणि म्हणाली, "आधी वास घ्या, सर. कुणाला जांभळाचा येतो, कुणाला मिऱ्याचा. तुम्हाला काय येतो?" मी ग्लास नाकाशी नेला. मला काळ्या मातीचा वास आला, नुकत्याच खणलेल्या, खालच्या थरातल्या. सव्वीस वर्षांपूर्वी खड्ड्यात उतरलो होतो तेव्हा नाकात भरला होता तोच. मी ग्लास तसाच टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "नाही आवडली?" मी म्हणालो, "मी घेत नाही." मग बसायलाच नको म्हणून उभ्या उभ्या तिथून निघालो, आणि लिंबापर्यंत येईतो मागं वळून बघितलं नाही. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, त्या खुर्चीवर बसावंसं वाटत होतं.

घरी आलो तेव्हा बायको शेजारी गेली होती. अव्वा कॉटवर पाय खाली सोडून बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. आराखड्याचा कागद खिशात होता, तो काढून उलगडला, पुन्हा त्याची घडी केली. मग सांगितलं. सावली, वैशाख, कट्टा, मीठ, टेबल, खुर्ची. एकसष्ट वर्षांचा माणूस, आणि आवाज पोरासारखा फुटत होता. "अव्वा, तू ज्याच्यावर फुलं घातलीस तिथं अप्पा नाहीत," असं शेवटी म्हणालो.

"ठाव हाय," ती म्हणाली.

तिनं कमरेचा बटवा काढला. आतून सुपारी, भस्माची पुडी, आणि एक काळी पडलेली सुतळी काढली, वीतभराहून थोडी लांब, दोन्ही टोकांना गाठ. मी ती ओळखली. जंगमस्वामींच्या हातात बघितली होती.

"तिसऱ्या दिवशी सगळे जेवाया बसल्यावर मी मोजलं हुतं," ती म्हणाली. "विहिरीच्या वरच्या पायरीपास्नं त्यांच्या पावलानं साठ. मला परत तितं जायाचं हुतं न्हवं, मग वाट ठाव नको व्हय? तू कट्टा बांदलास तवाच कळलं, पोरगं चुकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू उन्हात उभा ऱ्हाऊन गवंड्याला विटा देत हुतास, तम्मा. हातं सोलली हुती तुजी. तुला काय सांगू, तुजा बाप हितं न्हाय म्हनून?"

मला विहिरीकडं जाणारी तिची आडवी वाट आठवली. "आणि तो काटा?"

"काटा कुटला आलाय? उबं ऱ्हायाला काय तरी निमित्त लागतं की."

बाहेर रिक्षा येत-जात होत्या. मग मी म्हणालो की मी त्या लोकांना सगळं खरं सांगेन, टेबल काढायला लावीन, तुझी जागा तिथं घेईन. तिनं मान हलवली.

"टेबल काडायचं तर कारन सांगावं लागंल. गावभर हुईल, मास्तरनं बाप हरवला. अन् त्यांना आता का हलवायचं? लोक येतेत, बसतेत, गप्पा मारतेत. जनमभर एकटा बसायचा तो मानूस, आता सोबत हाय. पीत्यात, तेवडं त्यांना आवडत नसंल." ती थोडं हसली. "मला कट्ट्यात बसव. रिकामा हाय न्हवं? इतकी वर्सं फुलं घातली आपन त्याच्यावर. कुनीतरी पायजे की तितं. मी बसले की मग तू चुकलास आसं कोन म्हननार न्हाय."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडलो. ती सुपारी कातरत राहिली.

थोड्या वेळानं म्हणाली, "पर आदी त्या खुर्चीवर बसते एकदा. उठू वाटत न्हाय म्हनला न्हवं त्यो माळी? बगू."

मग तिनं कोपऱ्यातल्या रद्दीच्या गठ्ठ्याची सुतळी सोडून आणायला सांगितली. मी आणली. तिनं उजवं पाऊल फरशीवर नीट सपाट टेकवलं आणि लुगडं घोट्यावर घेतलं. "माप घे. मेल्यावर पाय सुजतेत, खड्डा उगं मोटा हुतो. अन् जंगमस्वामी आजकाल घाईत आसतेत. रविवारी जातोयच तर कट्ट्याखालची जागा मोजून, खुंट्या मारून ये. सावलीवर इसंबू नको."

मी गुडघे टेकले. सुतळीचं एक टोक टाचेशी धरलं आणि दुसरं अंगठ्याच्या टोकापर्यंत नेलं. पाऊल गार होतं, टाचेला भेगा होत्या, आणि मी माप घेईतो तिनं ते जराही हलवलं नाही. मी गाठ मारली, कात्रीनं कापलं. तिनं दोन्ही सुतळ्या शेजारी धरून बघितल्या. तिची सुतळी अप्पांच्या सुतळीपेक्षा दोन बोटं आखूड होती. "ल्हानच हाय की," म्हणाली आणि दोन्ही एकत्र गुंडाळून बटव्यात ठेवल्या.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, प्लॅन झाला का फायनल?" मी कागद समोर घेऊन वाचून दाखवला. साडेदहाला निघायचं. साडेअकराला बाग. बाराला टेबल, चौथी खुर्ची अज्जीची, तिथं दुसऱ्या कुणी बसायचं नाही, आणि तिला उठवायची घाई करायची नाही.

"बरं. आणि त्यानंतर?"

"त्यानंतर बांधाकडं," मी म्हणालो. "तुझ्या अज्जीला जागा बघायची आहे."